मोझेलकाठी चालताना: छपरापासून छपरापर्यंत

मी माइन्झला राहते. जर्मनीत येण्याआधीचं माझं सगळं चालणं सह्याद्रीतलं. राजगडावर पद्मावतीच्या देवळात, हरिश्चंद्रगडावर गुहेत पथारी टाकलेली. गडावर किंवा पायथ्याच्या वाडीत कोणीतरी पिठलं-भाकरी करून देणारं भेटतंच, हा अनुभव गाठीला होता. त्या हिशेबाने पहिल्यांदा मोझेल नदीच्या खोऱ्यात गेले. नकाशावर दोन ठिकाणी 'ह्युटे' म्हणजे झोपडी असा शब्द दिसला, तेव्हा तिथे पाणी आणि खायला काहीतरी मिळणारच असं धरून चालले. ऑगस्टची दुपार होती. चढ संपवून पोचले तर तीन भिंती, एक बाक, समोर नदीचं विलक्षण सुंदर वळण आणि माणूस एकही नाही. आम्हा दोघींत अर्धा लिटर पाणी उरलं होतं आणि पुढचं गाव दीड तासावर. बरोबरची मैत्रीण घेरी येऊन खाली बसली, तेव्हा मी खरोखर घाबरले.

त्या दिवसानंतर अनेकदा गेले. आई-बाबा साताऱ्याहून आले तेव्हा त्यांनाही नेलं. आता मी मोझेलकाठचा दिवस किलोमीटरवर आखत नाही, छपरांवर आखते. कुठलं छप्पर कोणाचं, कुठे नुसतं बसायचं, कुठे जेवायचं आणि कुठे पाऊलही टाकायचं नाही, एवढं कळलं की उरलेलं सोपं आहे.

१. आधी नदी आणि वाट समजून घ्या

मोझेल फ्रान्समधल्या व्होज डोंगरात उगम पावते आणि 544 किलोमीटर वाहून कोब्लेन्झला ऱ्हाइनला मिळते. तिच्या जर्मन भागात, पेर्ल गावापासून कोब्लेन्झपर्यंत, 'मोझेलश्टाइग' नावाची 365 किलोमीटरची पायवाट आहे. 2014 साली ती सुरू झाली. तिचे 24 टप्पे केलेले आहेत. त्यातला एखादा, तोही अर्धाच चालून परत आलात तरी चालतं.

खोऱ्याची रचना सगळीकडे साधारण सारखी. तळाशी नदी आणि गाव, मग उभ्या उतारावर द्राक्षबागा, माथ्यावर जंगल. नाशिककडची सपाट रानातली मंडपावरची द्राक्षं डोळ्यांसमोर असतील तर ती बाजूला ठेवा. इथे पाटीच्या दगडाच्या, म्हणजे स्लेटच्या, कड्यावर वेली उभ्या असतात. काही ठिकाणी उतार इतका तीव्र की बागायतदार एका रुळावर चालणाऱ्या चिमुकल्या गाडीत बसून वर जातात. ही स्लेट दिवसा तापते आणि रात्री ती ऊब वेलींना परत देते, म्हणून एवढ्या उत्तरेला रीझलिंग द्राक्ष पिकतं. तीच ऊब चालणाऱ्याला मात्र भाजून काढते. बागांत सावली जवळजवळ नसते. निवारे बहुतेक वर, बाग संपून जंगल सुरू होतं त्या कडेला असतात, कारण सावली आणि देखावा दोन्ही तिथेच मिळतात. म्हणजे चढ पूर्ण केल्याशिवाय छप्पर नाही, हे मनात धरूनच निघा.

नव्याने येणाऱ्यांनी कोब्लेन्झ ते बुलाय हाच भाग धरावा. रेल्वे इथे नदीच्या साथीने जाते आणि दर काही किलोमीटरवर स्टेशन आहे. दमलात तर खाली उतरून गाडी पकडता येते. बुलायच्या पुढे मुख्य लोहमार्ग नदी सोडून आत वळतो. तिथून ट्राबेन-ट्रारबाखपर्यंत एक छोटा फाटा जातो, त्यापुढच्या गावांना बसवर अवलंबून राहावं लागतं आणि रविवारी त्याही विरळ.

२. छप्पर कोणाचं, ते ओळखा

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

शुट्सह्युटे. याचा शब्दशः अर्थ आसऱ्याची झोपडी. आपल्या एसटीच्या थांब्यासारखी रचना: तीन बाजूंनी लाकूड किंवा दगड, एक बाजू उघडी, आत बाक, कधी टेबल. कुलूप नाही, राखणदार नाही, पैसे नाहीत. गावाने किंवा स्थानिक चालणाऱ्यांच्या संस्थेने बांधलेली आणि राखलेली. पाणी, दिवा, संडास यांतलं काही नसतं. पाऊस थांबेपर्यंत बसा, डबा खा, बूट काढून पाय मोकळे करा. कचऱ्याचा डबा असेलच असं नाही, असला तर बहुधा भरलेला असतो. आपला कचरा परत न्यायचा, वापरलेला टिश्यूसुद्धा.

देखाव्याच्या जागा. नदीच्या वळणावर मुद्दाम बांधलेले छोटे मंडप, मनोरे, आणि पाठ टेकून आडवं होता येईल अशी लाटेच्या आकाराची लाकडी बाकं. माझ्या आईचे गुडघे दुखतात. तिला ही बाकं इतकी आवडली की पुढच्या वेळी तिने दिवसाचा बेत त्यांच्यावरूनच ठरवला. यांना छप्पर असतंच असं नाही. फोटोत बाक दिसलं म्हणून पावसात तिथे आसरा धरू नका.

ग्रिलह्युटे. ही मोठी असते. शेगडी, लांब टेबलं, कधी वीज आणि पाणीही. ही ग्रामपंचायतीच्या मालकीची आणि भाड्याने दिली जाणारी. शनिवार-रविवारी तिथे कोणाचा तरी वाढदिवस चालू असतो. मोकळी असेल तर बाहेरच्या बाकावर टेकायला सहसा कोणी हरकत घेत नाही, पण शेगडी वापरायची ती आरक्षण करूनच. त्याबद्दल पुढे लिहिलंय.

बागेतली खोली. वेलींच्या मधोमध दगडी, एका खोलीएवढं घर दिसतं. हे बागायतदाराचं अवजारांचं आणि न्याहारीचं ठिकाण. दार उघडं असलं तरी ते खासगी आहे. ओसरीवर बसण्याआधी कोणी असेल तर विचारा, कोणी नसेल तर पुढे चला.

मचाण. जंगलाच्या कडेला चार खांबांवर शिडी आणि वर लाकडी पेटी दिसते. जर्मनमध्ये 'होखझिट्स'. आपल्याकडची मुलं हिला देखाव्याचा मनोरा समजून थेट चढायला लागतात. ती शिकाऱ्याची बैठक असते. चढायला मनाई असते आणि जुन्या शिडीची पायरी कुजलेली असू शकते. मुलांना निघण्याआधीच बजावून ठेवा.

श्ट्राउसविर्टशाफ्ट. शब्द लांबलचक असला तरी लक्षात ठेवाच, कारण या छपराखाली जेवण मिळतं. बागायतदार आपल्याच अंगणात किंवा तळघरात स्वतःच्या बागेची वाइन आणि साधं खाणं देतो. कायद्याने ही जागा वर्षातले जास्तीत जास्त चार महिने, तेही फार तर दोन भागांत, उघडी ठेवता येते आणि बसायच्या जागा चाळीसच्या आत लागतात. म्हणजे गेल्या वर्षी मेमध्ये उघडी होती म्हणून यंदाही असेल, असं नाही. दाराशी डहाळीची जुडी किंवा पाटी लटकलेली दिसली की उघडी समजायची. वाइन न पिणाऱ्यांसाठी त्याच बागेचा द्राक्षरस बहुधा असतो. तो मागायला अजिबात संकोच करू नका. मी तर पुढे चढ असला की रसच घेते.

३. दिवस छपरांवर बेता

आदल्या रात्री नकाशा उघडा. 1:25,000 प्रमाणाचा छापील नकाशा उत्तम. फोनवर वापरणार असाल तर तो भाग उतरवून ठेवा, कारण नदीच्या वळणांत आणि दऱ्यांत नेटवर्क जातं. मग या क्रमाने करा.

आधी सुरुवातीचं आणि शेवटचं स्टेशन ठरवा. दोन्ही नदीच्या कुठल्या काठावर आहेत ते पाहा. समोर दिसणारं स्टेशन पलीकडच्या काठावर असतं आणि पूल चार किलोमीटर मागे राहिलेला असतो. होड्या काही ठिकाणी आहेत, पण त्या वेळेवर बंद होतात आणि पूर आला की चालतच नाहीत.

मग वाटेवरची छपरं खुणवा. शुट्सह्युटेला एक खूण, जेवणाच्या जागेला दुसरी. दोन छपरांमधलं अंतर दीड तासाच्या आत असेल तर मुलं आणि वडीलधारी बरोबर असतानाही निभतं. तीन तासांचा पल्ला निघाला तर वाट बदला.

शेवटी जेवणाच्या जागेला फोन करून खात्री करा. प्रत्येक खाणावळीचा आठवड्यात एखादा 'रूहेटाग', म्हणजे सुट्टीचा दिवस, असतो, बऱ्याचदा सोमवार किंवा मंगळवार. रविवारी किराणा दुकानं बंद. शनिवारी संध्याकाळीच पाणी, फळं आणि ब्रेड घेऊन ठेवा.

वेळ काढताना किलोमीटरला भुलू नका. नदी तळाशी आणि वाट माथ्यावर, त्यामुळे प्रत्येक गावात उतरलं की पुन्हा दोनशे-अडीचशे मीटर चढ आलाच. दिवसातून तीनदा गावात उतरणारा टप्पा म्हणजे तीनदा टेकडी चढणं.

४. सोबत काय घ्यायचं

कागदपत्रं आणि तिकीट:
– पासपोर्ट किंवा रहिवासाचं कार्ड. पाहुण्यांसाठी व्हिसाची प्रत आणि प्रवासविम्याचा कागद
– आरोग्यविम्याचं कार्ड
– डॉइचलँड-टिकीट (देशभर चालणारा महिन्याचा पास) असेल तर ते, ओळखपत्रासह. ते एकाच व्यक्तीच्या नावावर असतं, आई-बाबांना त्यावर नेता येत नाही
– पाहुणे बरोबर असतील तर ऱ्हाइनलँड-फाल्झ राज्याचं दिवसभराचं तिकीट. पाच जणांपर्यंत एकत्र काढता येतं. सोमवार ते शुक्रवार ते सकाळी नऊनंतरच लागू होतं, शनिवार-रविवारी मध्यरात्रीपासून. दोन्ही तिकिटं फक्त प्रादेशिक गाड्यांत चालतात
– रोख पैसे. छोट्या अंगणात कार्ड घेतीलच असं नाही

पाठपिशवीत:
– माणशी दोन लिटर पाणी, उन्हाळ्यात तीन
– टाचेला पकड असलेले बूट. ओली स्लेट शेवाळलेल्या घाटाच्या पायरीसारखी निसरडी होते
– टोपी, पावसाळी जाकीट, बसायला पातळ घडीची चटई (पावसानंतर बाकं ओली असतात)
– गोचीड काढायचा चिमटा. उंच गवतातून चाललात तर रात्री गुडघ्यामागे, कमरेशी, काखेत तपासा. गोचिडीमुळे होणारा बोरेलिओसिस इथे आढळतो. चावल्या जागी लाल वर्तुळ पसरत गेलं तर डॉक्टर गाठा
– शिट्टी, छोटी विजेरी, भरलेला पॉवरबँक

डब्यासाठी दशम्या किंवा धपाटे आणि कोरडी चटणी याहून चांगलं मला काही सापडलेलं नाही. थालीपीठ दुपारपर्यंत मऊ राहतं. दह्याचा डबा मात्र सांडतो.

५. पहिल्यांदा कुठे जावं

माझ्या मते राइल ते बुलाय. राइल स्टेशन ट्राबेन-ट्रारबाखच्या फाट्यावर आहे. तिथून चढून जंगलातून प्रिन्झेनकोप्फच्या मनोऱ्यापर्यंत जा. वरून नदी दोन्ही हातांना दिसते, कारण तिने इथे एवढा मोठा वळसा घेतलाय की मधली डोंगरधार अगदी अरुंद उरली आहे. त्याच धारेवर पुढे मारिएनबुर्ग हा जुना मठ. तिथून उतरून दुमजली पुलावरून बुलाय स्टेशन. वर रेल्वे, खाली रस्ता असा हा पूल 1878 सालचा, जर्मनीतला या प्रकारचा पहिला. थांबत, बसत, डबा खात चाललात तरी दिवस पुरतो.

दुसऱ्या वेळी कोबेर्न-गोंडोर्फ ते विनिंगेन. कोबेर्नच्या वर तेराव्या शतकातलं सहाकोनी मात्थिआस चॅपल आहे. पुढे दगडी बांधांच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या बागांवरून वाट जाते आणि डोक्यावरून 136 मीटर उंचीचा महामार्गाचा पूल. इथल्या खडकांवर उन्हाळ्याच्या सुरुवातीला पांढरं, लाल ठिपक्यांचं अपोलो फुलपाखरू दिसतं. त्याची ही उपजात मोझेलच्या याच खालच्या भागात राहते. पांढऱ्या फुलांच्या ज्या मांसल पानांच्या रोपावर त्याच्या अळ्या वाढतात, ते खडकावरचं रोप पायाखाली येऊ देऊ नका.

काल्मोंट तिसऱ्या खेपेला. ब्रेम आणि एडिगर-एलर यांच्यामधला हा कडा युरोपातल्या सर्वांत उभ्या द्राक्षउतारांपैकी एक मानला जातो. माथ्यावर क्रूस आहे, रोमन काळातल्या देवळाची पुन्हा उभारलेली प्रतिकृती आहे, आणि खाली ब्रेमचं वळण. पलीकडच्या काठावर श्टूबेनच्या मठाचे भग्न अवशेष. इथे दोन वाटा आहेत आणि लोक फसतात ते त्यांच्या निवडीत. मोझेलश्टाइग माथ्यावरून जाते. कड्याच्या मधून जाणारी 'क्लेटरश्टाइग' वेगळी: पोलादी दोर, लोखंडी शिड्या, कड्यात ठोकलेल्या पायऱ्या. उंचीची भीती असेल, लहान मूल किंवा कुत्रा बरोबर असेल, पाऊस पडून गेला असेल, तर माथ्याचीच वाट धरा. दगड कोसळण्याच्या धोक्यामुळे कड्यातली वाट कधी कधी बंद ठेवतात. तेव्हा अडथळा ओलांडून जाऊ नका.

६. ग्रिलह्युटे घ्यायची असेल तर

महाराष्ट्र मंडळाच्या सहलीसाठी किंवा दोन-तीन कुटुंबांच्या वनभोजनासाठी ही सोय फार चांगली. आधी गावाच्या संकेतस्थळावर ग्रिलह्युटेचं पान शोधा. नाहीतर सरपंचांच्या कार्यालयात फोन करा. तारीख, माणसं किती, पाणी-वीज हवी का, एवढं सांगा. मेपासून सप्टेंबरपर्यंतचे शनिवार खूप आधी भरतात. भाडं आणि वेगळी अनामत भरून एक छोटा करार करावा लागतो.

करारात तीन गोष्टी शोधा: संगीत किती वाजेपर्यंत, गाडी वरपर्यंत नेता येते का, आणि कचरा कोणी न्यायचा. आमच्या एका खेपेला अनामतीतली काही रक्कम कापली गेली, कारण शेगडीतली राख साफ करायची असते हे आम्ही वाचलंच नव्हतं. तेव्हापासून आम्ही पत्र्याची बादली आणि झाडू घेऊनच जातो.

कोरड्या उन्हाळ्यात वणव्याचा धोका वाढला की आरक्षण असूनही शेगडी पेटवायला बंदी येते. त्या दिवसासाठी भेळ, दडपे पोहे असं न शिजवता होणारं काहीतरी हाताशी ठेवा. इतरत्र, जंगलात किंवा त्याच्यापासून शंभर मीटरच्या आत, परवानगीशिवाय आग पेटवणं या राज्यात बेकायदेशीर आहे. शुट्सह्युटेसमोर चहासाठी तीन दगड मांडणं हेही त्यातच आलं.

७. रात्र काढायची तर गावात

हे मला मुद्दाम लिहायचंय, कारण आपल्याकडच्या गडवाल्यांना ते पटत नाही. शुट्सह्युटे बसण्यासाठी असते, मुक्कामासाठी नव्हे. जंगलात तंबू टाकायलाही मालकाची परवानगी लागते. मोझेलकाठी जवळपास प्रत्येक गावात बागायतदारांच्या घरी खोल्या मिळतात आणि सकाळची भरपूर न्याहारीही. एकाच रात्रीसाठी खोली द्यायला काही घरं नाखूश असतात. 'आम्ही चालत आलोय' असं आधी कळवलं तर बहुतेक जण मान्य करतात. शाकाहारी असाल तर तेही तेव्हाच सांगा.

खाण्यातले दोन सापळे: फ्लामकूखेन या पातळ भाकरीवर आणि कांद्याच्या केकमध्येही बहुधा डुकराच्या मांसाचे तुकडे असतात. 'ओने श्पेक', म्हणजे त्याशिवाय, असं सांगितलं तर फ्लामकूखेन तसं करून देतात. केक आधीच भाजलेला असतो, त्यामुळे आधी विचारून घ्या.

८. हंगामाप्रमाणे बदलणाऱ्या गोष्टी

मे ते ऑगस्टमध्ये उभ्या बागांवर हेलिकॉप्टरने बुरशीनाशकाची फवारणी होते. सकाळी लवकर खालून घरघर ऐकू आली आणि वाटेवर पट्टी बांधलेली दिसली तर थांबा. थोड्या वेळात वाट मोकळी होते. डबा उघडा ठेवून बसला असाल तर आधी तो बंद करा.

सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर द्राक्षतोडणी. बागेतल्या अरुंद रस्त्यांवर ट्रॅक्टर येतात, त्यांना आधी जाऊ द्या. पाखरं उडवायला लावलेल्या यंत्रांचा बार अचानक कानाजवळ होतो. मुलांना आधी सांगून ठेवलं तर ती दचकत नाहीत. वेलीवरचा घड तोडणं ही चोरीच. एक घड काय, असं वाटतं, पण रविवारी त्या वाटेवरून शेकडो माणसं जातात. याच दिवसांत 'फेडरवाइसर' मिळते, अजून फसफसत असलेली कोवळी वाइन. तिच्या बाटलीला घट्ट बूच नसतं. पाठपिशवीत आडवी ठेवलीत तर सगळे कपडे भिजतात.

नोव्हेंबरपासून शिकारीमुळे जंगलातल्या वाटा काही वेळ बंद होतात. तसा फलक दिसला तर वळसा घ्या. पाचच्या सुमारास अंधारू लागतं.

९. वीज, अपघात आणि मदत

माथ्यावरची उघडी झोपडी पावसापासून वाचवते, विजेपासून नाही. ढग काळवंडले आणि गडगडाट अजून लांब असला तर गावाकडे उतरा. उतरायला वेळच नसेल तर झोपडीत भिंतींना न टेकता मधोमध, पाय जुळवून, उकिडवे बसा.

जंगलात हिरव्या पाटीवर पांढरा क्रूस आणि आकडा दिसतो, तो 'रेटुंग्सपुंक्ट', बचावगाडी पोचू शकेल अशी जागा. पुढे जाताना प्रत्येक पाटीचा फोटो काढत चला. 112 ला फोन लावून तो आकडा सांगितला की मदत नेमकी तिथे येते. जर्मन अडखळत असलं तरी आकडे सांगता येतात. माझ्या त्या पहिल्या दुपारी अशी पाटी वीस पावलांवर होती आणि ती कशासाठी असते हे आम्हाला माहीत नव्हतं. शेवटी एक वृद्ध जोडपं आलं, त्यांनी आपली पाण्याची बाटली मैत्रिणीच्या हातात दिली आणि ती उठेपर्यंत शेजारी बसून राहिले.

काही झोपड्यांत भिंतीवर पत्र्याची पेटी असते, तिच्यात वही. आलेली माणसं तारीख आणि दोन ओळी लिहून जातात. बाबांनी एकीत मराठीत लिहिलं, वर्षभराने मी पुन्हा तिथे गेले तेव्हा त्याखाली कोणा पुण्याच्या मुलीने उत्तर लिहिलेलं होतं. पेन थंडीत गोठतं आणि दमट कागदावर उठत नाही, तेव्हा पिशवीत एक शिसपेन्सिल असू द्या.